थंडी नेमकी कुठे मोजायची?

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात दोन बातम्या शेजारी शेजारी दिसतात. एका बातमीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे छायाचित्र असते. जेटीच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर साचलेला असतो आणि मथळा सांगतो की पारा शून्यावर उतरला. दुसरी बातमी म्हणजे राज्यभरातल्या किमान तापमानांचा तक्ता. त्यात महाबळेश्वरपुढे आठ किंवा नऊ अंश लिहिलेले असतात. हे दोन्ही वाचणारा माणूस बहुधा असे ठरवून मोकळा होतो की हवामान खात्याचा तापमापक बिघडला असावा, नाहीतर बातमीदाराने तिखटमीठ लावले असावे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही बातम्या खऱ्या असतात. आठ अंशांच्या गावात त्याच पहाटे पाणी गोठू शकते, कारण तक्त्यातले आठ अंश एका विशिष्ट जागेचे आणि विशिष्ट उंचीचे असतात, आणि पान गोठते ते दुसऱ्या जागी, दुसऱ्या उंचीवर. हिवाळ्यातल्या अंदाजांबद्दल आपली जी कुरकूर चालते तिचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. अंदाज कुठला आणि किती उंचीवरचा, हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही आणि सांगणाऱ्यांनीही ती लावली नाही.

हवामान खाते तापमान मोजते ते एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत. पेटी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच, मोकळ्या जागेत उभी केलेली असते. हवा आतबाहेर खेळावी पण ऊन, पाऊस आणि आकाशाकडे जाणारे प्रारण यांचा तापमापकावर थेट परिणाम होऊ नये, अशी तिची रचना. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात ती बनवली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या कादंबरीकाराचे हे वडील. पेटीचा हेतू साधा होता: लंडनचे, पुण्याचे आणि टोकियोचे तापमान एकाच पद्धतीने मोजले जावे, म्हणजे त्यांची तुलना करता येईल. हा हेतू पेटीने उत्तम साधला. आज गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी किती तापली हे आपण ठामपणे सांगू शकतो, ते अशा पेट्यांतल्या नोंदींच्या बळावर. पण तुलनेसाठी बनवलेले माप आपण हळूहळू अनुभवाचे माप म्हणून वापरू लागलो. पेटी ज्या गोष्टी मुद्दाम वगळते, त्याच गोष्टींनी पीक गोठते.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपात आकाशाकडे टाकत राहते. ढग असले, हवेत बाष्प भरपूर असले तर त्यातला बराचसा भाग खाली परत येतो. कोरड्या हिवाळी हवेत तो फारसा परतत नाही. जमीन थंडावते, तिला टेकलेली हवा थंडावते, आणि वरची हवा त्यामानाने उबदार राहते. दिवसा वर जावे तसे गार वाटते, त्याच्या नेमके उलटे चित्र पहाटे असते. त्यामुळे गवताच्या पात्यालगतचा तापमापक पेटीतल्या तापमापकापेक्षा चार-पाच अंश खाली जाणे यात नवल काही नाही. हवामान खाते हे ‘गवतालगतचे किमान’ अनेक ठिकाणी वेगळे मोजते. ते लोकांपर्यंत मात्र क्वचितच पोचते. आता यात डोंगराचा आकार मिसळा. थंड हवा जड असते आणि रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत खोलगट भागात साचते. महाबळेश्वरची बाजारपेठ पठारावर आहे, वेण्णा तलाव तिथून दोन-अडीच किलोमीटरवर खोलगट जागेत. पठारावरच्या पेटीत आठ अंश असताना तलावाच्या खोलगटीत आणखी काही अंश कमी असतात, आणि तिथल्या पानांच्या पृष्ठभागावर त्याहूनही कमी. मोटारीचा टप आणि जेटीची फळी यांना तर जमिनीतून वर येणारी ऊबही मिळत नाही, त्यांचे तोंड थेट आकाशाकडे. म्हणून पांढरा थर आधी तिथे दिसतो. हा थर वरून पडलेला नसतो. हवेतले बाष्प त्या थंड पृष्ठभागावरच गोठते किंवा आधी पडलेले दव गोठते. ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’ हा मथळा म्हणूनच चुकीचा आहे, पण ‘महाबळेश्वरात गोठणबिंदू’ हा चुकीचा नाही. फक्त त्याच्यापुढे ‘तलावाकाठी, जमिनीलगत’ एवढे दोन शब्द हवेत.

जमिनीलगतचा हा थर किती चकवा देऊ शकतो, याचा एक किस्सा भारतीय हवामानशास्त्रात प्रसिद्ध आहे आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेले एल. ए. रामदास पुढे हवामान खात्यात आले आणि १९३२ साली पुण्यात सुरू झालेल्या कृषी हवामान विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी प्रसिद्ध केले की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते. ती जमिनीपासून थोड्या उंचीवर, काही सेंटिमीटरांपासून वीतभर-हातभर अंतरावर असते. पाठ्यपुस्तकी समजुतीला हे धरून नव्हते. जमीन आधी थंडावते आणि हवा तिच्यामुळे, तर मग जमिनीपेक्षा तिच्यावरची हवा जास्त थंड कशी? शिवाय थंड, जड हवा वर आणि उबदार हवा खाली ही स्थिती टिकावी कशी? पुष्कळांना ही मापनातली चूक वाटली. जर्मन शास्त्रज्ञ राश्के यांनी पुण्यातच उघड्या जमिनीवर काटेकोर मोजणी करून १९५७ साली तिला दुजोरा दिला, तेव्हा शंका मावळू लागल्या. पटेल असे सैद्धांतिक स्पष्टीकरण यायला १९९० चे दशक उजाडले. ते रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या बंगळूरच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यानंतर तिथल्याच दुसऱ्या गटाने दाखवले की जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म कण स्वतः आकाशाकडे उष्णता टाकतात, आणि त्यामुळे ती हवा अपेक्षेपेक्षा जास्त थंडावते. वीतभर उंचीच्या हवेचे कोडे सुटायला साठ-सत्तर वर्षे लागली. उपग्रह आणि महासंगणक असूनही जमिनीलगतच्या एका मीटरचा अंदाज आजही का अवघड आहे, हे यावरून लक्षात यावे.

हाच प्रश्न शहरात वेगळ्या रूपाने भेटतो. पुण्याचे आजवरचे नीचांकी तापमान म्हणून १७ जानेवारी १९३५ चे १.७ अंश सांगितले जाते. ‘पुण्यात आता पूर्वीची थंडी राहिली नाही’ हे वाक्य याच आकड्याच्या आधारावर उभे असते. पण तेव्हाचे शिवाजीनगर आणि आजचे शिवाजीनगर या दोन वेगळ्या जागा आहेत. सिमेंट, डांबर आणि दाटीवाटीच्या इमारती दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. आज एकाच पहाटे शहराच्या मोकळ्या पश्चिम कडेवरचे तापमान आणि पूर्वेकडच्या दाट वस्तीतले तापमान यांत पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले आणि त्याच दिवशी समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या कुलाब्याला ११.७. दोन्ही आकडे मुंबईचेच. ‘उद्या मुंबईत किमान १४ अंश’ असे कोणी सांगितले तर कुलाब्याचा माणूस हसेल आणि बोरिवलीचा शाल काढेल, आणि अंदाज तरीही बरोबर असेल. हवामान बदललेले नाही असा याचा अर्थ काढू नये. ते बदलले आहे आणि रात्री उबदार होत चालल्या आहेत. एवढेच की त्या बदलातला शहराचा वाटा किती आणि जगाचा किती, हे एका आकड्यावरून उलगडत नाही.

मग अंदाज काय सांगू शकतो? पुष्कळ काही. महाराष्ट्रातली थंडी घरची नाही, ती उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात दर महिन्याला साधारण चार-सहा या संख्येने उत्तर भारतावरून जातात. विक्षोभ जवळ येतो तेव्हा ढग येतात, बाष्प येते, आपल्याकडे रात्री उबदार होतात. तो पुढे सरकला, हिमालयात बर्फ पडले, की मागून कोरडे उत्तरी वारे वाहतात आणि दोन-तीन दिवसांत खानदेश, नाशिक, विदर्भ गारठतात. ही हालचाल हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातली असते, त्यामुळे ती चार-पाच दिवस आधी चांगली ओळखता येते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले, तो अशाच उत्तरी वाऱ्यांचा प्रताप होता. गारठा केव्हा येणार आणि केव्हा ओसरणार हे आज जितके नीट कळते, तितके एका पिढीपूर्वी कळत नव्हते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ पासून वापरात आली आणि गणिताची चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली. ही मोठीच मजल आहे. तरीही सहा किलोमीटर लांब-रुंद चौकोन म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर. महाबळेश्वरची बाजारपेठ आणि वेण्णा तलाव त्या एकाच चौकोनात सहज मावतात. चौकोनाला आकडा मिळतो एकच.

थंडीच्या लाटेची व्याख्यासुद्धा अशीच पेटीशी बांधलेली आहे. मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक उतरले, तर लाट जाहीर होते. साडेसहाच्या आसपासच्या फरकापुढे ती तीव्र ठरते. किनाऱ्यावर दहाऐवजी पंधरा अंशांची मर्यादा आहे. ही व्याख्या प्रशासनासाठी योग्यच आहे, कारण रात्रनिवारे कधी उघडायचे, शाळांच्या वेळा कधी बदलायच्या याला काहीतरी ठरलेली रेषा लागते. पण द्राक्षबागेला ही रेषा ठाऊक नसते. सरासरीच सहा अंश असलेल्या ठिकाणी पाच अंश झाले तर लाट नाही, आणि पाणी उतरलेल्या मण्यांना तडे मात्र जातात. उलट त्याच रात्री शेजारच्या शेतातला गहू आणि हरभरा खुशीत असतो. थंडी चांगली की वाईट, याचे उत्तर पिकागणिक आणि त्याच्या वाढीच्या अवस्थेगणिक बदलते.

इथे हवामानशास्त्रज्ञाचा आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. जो तो आपापल्या बांधावर तापमापक लावून आकडे सांगू लागला तर नोंदींना काही अर्थ राहणार नाही. मापाची एकवाक्यता हा या शास्त्राचा कणा आहे. ती मोडली की आज पुण्याच्या १९३५ शी तुलना जेवढी करता येते तेवढीही येणार नाही. हे मान्य करायलाच हवे. पेटी हलवावी असे कोणी म्हणत नाही. म्हणायचे आहे ते असे की पेटी आणि बाग यांच्यातला फरक मोजता येतो, आणि निरभ्र, शांत रात्री तो बराचसा ठरावीक असतो. निफाड तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराने वेलींच्या उंचीवर, सावलीच्या साध्या आवरणात तापमापक टांगला आणि हिवाळाभर पहाटेचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्याशेजारी लिहिला, तर पंधरा-वीस निरभ्र रात्रींनंतर त्याला दिसेल की आपली बाग केंद्रापेक्षा, समजा, दीड अंशाने थंड असते. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मग ‘उद्या निफाडला पाच अंश, आकाश निरभ्र, वारा मंद’ हा अंदाज त्याच्यासाठी साडेतीन अंशांचा होतो, आणि ‘पाच अंश, वारा ताशी पंधरा किलोमीटर’ हा पाचांचाच राहतो. मोठ्या संस्था संगणकावर जे सांख्यिकी संस्करण करतात त्याचे हे वहीतले रूप आहे. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत, तेव्हा तुलनेसाठी जवळचा आकडा मिळणे आता अवघड नाही. केंद्रे वाढवल्याने प्रश्न आपोआप सुटेल या समजुतीत मात्र राहू नये. मंडळात वीस-पंचवीस गावे असतात, त्यांत टेकाडे असतात, नदीकाठ असतो. केंद्र त्यांपैकी एका जागी असते.

नुसता आकडा कळून काय उपयोग, असेही कोणी विचारील. उपयोग पहाटे तीन वाजता कळतो. बागेत शेकोट्या पेटवायच्या की विहिरीचे पाणी सोडायचे, मजूर बोलवायचे की नाही, हे निर्णय एक-दीड अंशावर ठरतात आणि प्रत्येकाला खर्च आहे. या उपायांबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. धूर केला की तो उष्णता अडवून धरतो असे सर्रास मानले जाते. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीच्या अवरक्त प्रारणाला ते फारसे अडवत नाहीत. उलट सूर्य उगवल्यावर तोच धूर ऊन अडवून बाग तापायला उशीर करतो. शेकोटीने फायदा होतो तो तिच्या आचेने आणि तिच्यामुळे वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते म्हणून. म्हणजे पाचोळा ओला करून ढीगभर धूर काढण्यापेक्षा लहान लहान, स्वच्छ जळणाऱ्या शेकोट्या अधिक बऱ्या. पाणी देण्यामागचे तर्कशास्त्र तर पक्के आहे. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते, आणि ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवून रात्री ती वर सोडते.

धुक्याचेही असेच. दिल्लीच्या विमानतळावर दरवर्षी उड्डाणे खोळंबतात आणि लोक विचारतात की उपग्रहाच्या युगात साधे धुके कसे सांगता येत नाही. धुके ही त्याच शांत, निरभ्र रात्रीची निर्मिती आहे. जमिनीलगतचे तापमान दवबिंदूच्या एक अंश वर राहिले तर सकाळ लखलखीत, एक अंश खाली गेले तर धावपट्टी दिसेनाशी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास चालवला आहे तो या एका अंशासाठी. त्यातून अंदाज सुधारले आहेत, पण धुके संपूर्णपणे पकडीत आलेले नाही, आणि जमिनीलगतच्या थराचा स्वभाव पाहता एवढ्यात येईल असे मला वाटत नाही.

आतापर्यंतचे सगळे प्रकार जागेला बांधलेले होते. वेण्णाकाठ दरवर्षी गोठतो, निफाडच्या त्याच खोलगट बागा दरवर्षी आधी गारठतात. म्हणून तिथे स्थानिक फरक काढता येतो. गारपिटीला मात्र हे लागू होत नाही, आणि इथे माझ्या म्हणण्याची मर्यादा येते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या २८ जिल्ह्यांत गारपीट झाली, ती जवळजवळ तीन आठवडे अधूनमधून होत राहिली. गहू, ज्वारी, हरभरा काढणीला आलेला, द्राक्षे उतरायला आलेली, डाळिंब आणि आंब्याला मोहोर. मार्च महिन्यात मराठवाड्याच्या रानात गारांचे गुडघ्याएवढे ढीग ही गोष्ट असाधारण होती यात शंका नाही. पण तिची कारणे ओळखीचीच होती. पश्चिमी विक्षोभाशी निगडित वरच्या थंड हवेची घळ नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेला उतरली, खाली तापलेली जमीन होती आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींकडून बाष्प येत होते. गारा जुलैत का पडत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे. पावसाळी ढगांतही वर बर्फ असतेच, पण तेव्हा हवा बऱ्याच उंचीपर्यंत उबदार आणि दमट असते, खाली येईपर्यंत गार वितळते. हिवाळा सरताना गोठणपातळी खाली असते आणि ढगातले ऊर्ध्वप्रवाह जोरकस असतात, त्यामुळे गार मोठी होते आणि जमिनीपर्यंत टिकते.

अशा वेळी ‘मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ हे वाक्य ऐकून शेतकरी चिडतो, आणि त्याच्या चिडण्यात तथ्य आहे. पण या वाक्याहून नेमके वाक्य दोन दिवस आधी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. गारांचा पट्टा काही किलोमीटर रुंद असतो, ढगाचे आयुष्य तासा-दोन तासांचे. एका गावाचे शिवार झोडपले जाते आणि पलीकडच्या गावात ऊन असते. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये ३० एप्रिल १८८८ ला गारांनी २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने झालेली ही सर्वाधिक मनुष्यहानी आहे. इतकी भीषण घटनासुद्धा एका शहरापुरती आणि आसपासच्या भागापुरती होती. गारपिटीबाबत खरी सुधारणा होऊ शकते ती शेवटच्या दोन-तीन तासांत. डॉप्लर रडार ढगातले बर्फ पाहू शकते, तो कुठे सरकतो ते सांगू शकते, आणि तेवढ्या वेळात जनावरे आडोशाला नेता येतात, खळ्यावरचे धान्य झाकता येते. उभी बाग वाचत नाही; तिच्यासाठी जाळी आधीच लागते आणि जाळीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. महाराष्ट्राच्या अंतर्भागात रडारांचे जाळे विरळ आहे ही माझ्या मते मुख्य तक्रार असायला हवी. गारपिटीचा दोन दिवस आधीचा अंदाज गावनिहाय द्या ही मागणी चुकीच्या दाराशी केलेली आहे.

याच्या उलट टोकाला हंगामी भाकिते असतात आणि तिथे दोष बहुतांशी सांगणाऱ्यांपेक्षा पसरवणाऱ्यांचा. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस ‘ला निना येणार, यंदा हाडे गोठवणारी थंडी’ अशा मथळ्यांचा पूर आला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला हवामान विभागाने स्वतः मात्र देशाच्या बहुतेक भागांत हिवाळा सरासरीपेक्षा उबदार राहील असे सांगितले. पुढे फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. प्रशांत महासागरातले पाणी थंड झाले की आपल्या अंगणात कडाक्याची थंडी, इतका सरळ धागा मुळात नाहीच. ला निनाचा कल उत्तर भारताच्या थंडीकडे असतो, पण महाराष्ट्रात पोचेपर्यंत त्या कलावर विक्षोभांची संख्या, ढग आणि वाढते सरासरी तापमान यांची भर पडलेली असते. अचानक घडणाऱ्या गोष्टी तर वेगळ्याच. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईकर उठले ते पाकिस्तानातून समुद्रावरून आलेल्या धुळीत. दिवसभर सूर्य फिकट राहिला आणि ऐन दुपारी मुंबईत चक्क गारवा होता. हंगामाचे कोणतेही भाकीत हे सांगू शकत नव्हते. वादळ उठल्यावर उपग्रहाने ते दाखवले, आणि तेवढेच शक्य होते.

मग अंदाज टक्केवारीत सांगा, असे म्हटले की नेहमीचे उत्तर येते: लोकांना टक्केवारी कळत नाही, त्यांना होय की नाही ते हवे असते. मला हे लोकांना कमी लेखणे वाटते. कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा, छाटणी आधी घ्यायची की उशिरा, हे निर्णय घेणारा माणूस शक्यतांच्या हिशेबातच जगतो. त्याला अडचण होते ती ‘शक्यता आहे’ या शब्दाची, कारण त्यात दहापैकी एकदा आणि दहापैकी आठदा हे दोन्ही बसतात. ‘तुमच्या मंडळात पहाटे चार अंशांखाली जाण्याची शक्यता दहापैकी सहा, खोलगट रानात दहापैकी आठ’ असे वाक्य कोणालाही कळेल. वेगवेगळ्या सुरुवातींनी गणित अनेकदा चालवून अशी शक्यता काढण्याची पद्धत आपल्या संस्था वापरतातच. ती माहिती जिल्ह्याच्या पिवळ्या किंवा नारिंगी रंगात घोटून खाली येते, तेव्हा तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग गळून पडतो.

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो विम्यात. हवामानाधारित फळपीक विमा योजनेत केळी किंवा द्राक्षाची भरपाई नुकसान पाहून ठरत नाही. ठरवलेल्या केंद्रावर किमान तापमान ठरावीक मर्यादेखाली ठरावीक दिवस राहिले की नाही यावर ठरते. रावेर-यावलच्या केळीची पाने गारठ्याने पिवळी पडलेली असतात आणि केंद्रावरचा आकडा मर्यादेच्या अर्धा अंश वर असतो. बागेतला तापमापक पुरावा म्हणून मान्य करावा ही मागणी यातून उठते, आणि विमा कंपनीचा नकारही समजण्यासारखा आहे. जो आकडा पैसे ठरवतो तो आकडा ज्याला पैसे मिळायचे त्याच्या हाती असू नये. पण केंद्राची मर्यादा ठरवताना केंद्र आणि पीक यांच्यातला फरक हिशेबात घेता येतो. प्रत्येक मंडळात दोन-तीन हिवाळे कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली पिकाच्या उंचीवर मोजणी करायची, फरक काढायचा, आणि केंद्रावरची मर्यादा तेवढ्याने वर सरकवायची. पेटी जागेवर राहते, नोंदींची एकवाक्यता टिकते, कोणाच्या हाती फेरफार राहत नाही. खर्च म्हणाल तर काही तापमापक आणि पहाटे उठणारी माणसे, एवढाच.